वाटेवर तुटलेली साखळी

सायकलवर दूरच्या मजलीस निघणाऱ्या मनुष्याने बरोबर कोणती हत्यारे घ्यावीत, या प्रश्नावर दोन अगदी विरुद्ध मतांचे लोक आढळतात. एक वर्ग असा, की जो घरातील पान्यांचा सारा सरंजाम पिशवीत भरतो आणि मग त्या ओझ्याने पहिल्याच चढावर घायकुतीस येतो. दुसरा असा, की ज्याचा खिशातील मोबाइलवर आणि मागून येणाऱ्या टेंपोवाल्याच्या भलेपणावर एवढा इतबार असतो, की साधा पानाही जवळ बाळगणे त्याला अविश्वासाचे लक्षण वाटते. वाटेवर काय सहज मिळते आणि काय कोणत्याही किमतीस मिळत नाही, याचा हिशेब या दोघांपैकी कोणीही केलेला नसतो. महाराष्ट्रातील बहुतेक रस्त्यांवर चार-दोन कोसांत एखादे वस्तीचे ठिकाण लागते, आणि तेथे हातोडी मिळते, पक्कड मिळते, बांधकामावरील लोखंड बांधावयाची तार मिळते, सुतळी, जुन्या ट्यूबचा तुकडा, ट्रॅक्टरच्या टाकीतले पावशेर डिझेल, एवढेच नव्हे तर मदतीस चार उत्साही माणसे व त्यांच्या तोंडच्या आठ सूचनाही मिळतात. मिळत नाहीत त्या दोनच गोष्टी: आपल्या सायकलच्या साखळीला नेमकी बसणारी जोडकडी, आणि त्या साखळीची पिन न वाकविता बाहेर ढकलणारे ते बोटभर लांबीचे यंत्र, ज्याला सायकलस्वार चेन-टूल किंवा चेन-कटर म्हणतात. या दोहोंचे वजन मिळून पावशेराच्या निम्म्यासही जेमतेम पोचते, आणि तरीही पंक्चरच्या सामानाची चोख तरतूद करणाऱ्या दहाजणांपैकी बहुतेकांच्या पिशवीत ती सापडत नाहीत.

याचे कारण उघड आहे. पंक्चर वारंवार होते, म्हणून त्याचे भय सर्वांस असते आणि त्याचा बंदोबस्तही सर्वजण करतात. साखळी क्वचित तुटते, म्हणून ती तुटणारच नाही अशी समजूत करून घेणे सोपे जाते. परंतु पंक्चर झालेले वाहन कोठल्याही खेडेगावातील पंक्चरच्या दुकानी दुरुस्त होऊ शकते, तर साखळी तुटलेले वाहन उताराखेरीज कोठेही आपल्या बळाने पुढे जात नाही. आणि दुर्दैवाची गोष्ट अशी, की साखळी बहुधा उतारावर तुटतच नाही. ती तुटते ती आंबेनळीच्या किंवा वरंध्याच्या चढावर, स्वार पायडलवर उभा राहून जोर करीत असताना, म्हणजे नेमकी जेथे वस्ती विरळ आणि मोबाइलचा इलाज बेभरवशाचा असतो तेथे. ती अशाच जागी का तुटावी, हे समजण्यासाठी तिची घडण थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे.

आज जगातील बहुतेक सायकलींवर जी साखळी दिसते तिचे मूळ मँचेस्टरला स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड नावाच्या स्विस कारागिराकडे जाते. त्याने १८८० साली नळी आणि रोलर असलेली साखळी सिद्ध केली, आणि पुढे पाचच वर्षांनी कॉव्हेन्ट्री येथे जॉन केंप स्टार्ली याने मागचे चाक साखळीने फिरविणारी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली, तेव्हा पुढच्या अजस्र चाकावर उंच बसून जीव धोक्यात घालण्याचा काळ संपत आला. पुढे १९०३ साली राइट बंधूंनी जे विमान उडविले त्याचे दोन्ही पंखेसुद्धा साखळ्यांनीच फिरविले जात. डेटन गावी सायकली विकण्याचा व दुरुस्त करण्याचा धंदा करणाऱ्या माणसांना शक्ती एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याचा दुसरा मार्ग प्रथम सुचावा, अशी अपेक्षाही करता येत नाही.

साखळीत दोन प्रकारच्या कड्या एकाआड एक येतात. आतल्या कडीच्या दोन प्लेटींमध्ये दोन रोलर असतात. बाहेरच्या कडीच्या दोन प्लेटी या आतल्या कड्यांना दोन्ही बाजूंनी कवेत घेतात, आणि त्यांच्यातून आरपार जाणारी पिन दोन्ही टोकांस किंचित ठोकून फुलविलेली असते, जेणेकरून प्लेट बाहेर सरकू नये. एका पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, दूधवाल्याच्या जुन्या काळ्या सायकलीपासून शर्यतीच्या लाखमोलाच्या यंत्रापर्यंत आज हे माप एकच आहे. बदलत गेली ती रुंदी. गिअर नसलेल्या सायकलीची साखळी आतल्या बाजूने एक अष्टमांश इंच रुंद असते. गिअरच्या सायकलीची त्याहून अरुंद, आणि मागच्या चाकावर दातेरी चक्रांची संख्या जसजशी वाढत गेली तसतशी साखळीला उरलेली जागा कमी होत गेल्यामुळे ती बाहेरूनही कृश होत गेली. आठ चक्रांच्या साखळीची पिन बाहेरून सुमारे सात मिलिमीटर लांब असते, तर अकरा चक्रांच्या साखळीची साडेपाच. पिनेचे टोक प्लेटीबाहेर जितके थोडे, तितकी प्लेटीवरची त्याची पकडही थोडी.

साखळी ओढून तुटते अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि ती जवळजवळ पूर्णपणे चुकीची आहे. सत्तर किलो वजनाचा मनुष्य १७० मिलिमीटरच्या क्रँकवर आपला सारा भार टाकून उभा राहिला आणि पुढचे चक्र चव्वेचाळीस दात्यांचे असले, तर साखळीवर सुमारे १३५ किलोंचा ताण येतो. तोच मनुष्य घाटात अठ्ठावीस दात्यांच्या लहान चक्रावर आला की हा ताण २१० किलोंवर जातो, कारण चक्र जितके लहान तितकी तरफ साखळीला अधिक छळते. चढ सोपा वाटावा म्हणून आपण जे चक्र निवडतो, ते पायांस दया दाखविते आणि साखळीकडून तिची वसुली करते. तथापि चांगल्या स्थितीतील साखळी सरळ ओढीत आठशे किलोंपर्यंत तग धरते, म्हणजे या हिशेबानेही तिच्याजवळ बक्कळ शिल्लक उरते.

मग ती तुटते कशी? ती आडवी तुटते. स्वार जोरात असतानाच गिअर बदलतो. साखळी एका दात्यावरून शेजारच्या मोठ्या चक्रावर चढत असताना क्षणभर तिरकी होते. त्या तिरक्या अवस्थेत बाहेरच्या प्लेटीवर बाजूने दाब येतो, आणि शर्टाचे बटण काजातून निसटावे तशी ती प्लेट पिनेच्या टोकावरून निसटते. सारा भार दुसऱ्या बाजूच्या एकट्या प्लेटीवर पडतो, ती पीळ खाऊन वाकते आणि पुढच्या दोन-चार फेऱ्यांत साखळी जमिनीवर पडते. पूर्वी कधी कोणी पिन नीट मध्यावर न बसविता जोड दिलेला असेल, तर ही निसटण्याची क्रिया नेमकी त्याच जोडावर घडते. कोकणच्या खाऱ्या हवेत गंजून एखादी कडी ताठ झाली असेल, किंवा पावसाळ्यातील तांबड्या चिखलाने पिना झिजल्या असतील, तर तिला आणखी निमित्त मिळते. ज्याला साखळी न तुटावी असे वाटत असेल त्याने चढ लागण्यापूर्वीच गिअर उतरवावा, आणि चढावर बदलणे भागच पडले तर अर्धा क्षण पाय हलका करावा. एवढे पथ्य पाळणाऱ्यास पुढील मजकुराची गरज क्वचितच पडेल.

गिअर नसलेल्या जुन्या सायकलीची गोष्ट निराळी होती. तिच्या साखळीचा जोड तीन भागांचा असे: दोन पिना असलेली एक प्लेट, दुसरी सुटी प्लेट, आणि त्यांवर बसणारी पातळ स्प्रिंगची चिमटी, जिला आमचे कारागीर चेन-लॉक म्हणतात. या चिमटीचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेस ठेवावयाचे, म्हणजे कशास आदळली तरी ती उघडत नाही. हा नियम तालुक्याच्या गावातील दुकानात पाने धुणाऱ्या पोरासही ठाऊक असे. चेन-लॉक हरवले तर एका पिनेवर खिळा ठेवून दगडाने ठोकले, तरी जाड साखळी ते निमूटपणे सहन करी. मुंबईहून १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा या तिघांनी ती १९२८ साली पुरी केली. असला प्रवास त्या काळी शक्य झाला याचे श्रेय त्यांच्या जिद्दीइतकेच त्या वाहनाच्या भोळ्या, कोणत्याही लोहाराला कळणाऱ्या रचनेसही दिले पाहिजे. आजच्या साखळीची दुरुस्ती मात्र लोहाराच्या हाती राहिलेली नाही. दहा किंवा अकरा चक्रांच्या साखळीच्या पिनेची टोके कारखान्यात यंत्राने ठोकून फुलविलेली असतात. ती पिन एकदा बाहेर ढकलली की प्लेटीच्या भोकाची कड खरवडली जाते, आणि तीच पिन पुन्हा आत घातल्यास ती बसल्यासारखी दिसते खरी, पण पुढच्या चढावर हमखास दगा देते. म्हणूनच निर्मात्यांची ताकीद असते, की जुनी पिन पुन्हा वापरू नये. खिळा आणि दगड यांचा हुन्नर येथे संपतो.

आता प्रथम यंत्राकडे वळू. चेन-टूलच्या मध्यभागी साखळी ठेवण्याची एक दातेरी खाच असते. तिच्यासमोर मूठ लावलेला स्क्रू आणि त्याच्या टोकाशी कठीण पोलादाची बारीक सुई. साखळी खाचेत ठेवून मूठ उजवीकडे फिरविली की सुई पिनेच्या डोक्यावर येऊन टेकते, आणि आणखी फिरविली की पिन दुसऱ्या बाजूने बाहेर पडू लागते. क्रिया वर्णन करण्यास सोपी आहे. ती बिघडते ती पहिल्या अर्ध्या फेऱ्यात. सुई पिनेच्या बरोबर मध्यावर आली आहे की नाही हे डोळे जवळ नेऊन पाहिले पाहिजे, कारण ती कडेला टेकली असता आपण जोर केला तर पिनेऐवजी सुईच वाकते, आणि घाटात वाकलेली सुई सरळ करणारा कोणी भेटत नाही. प्रारंभी मूठ जड लागते, मग एकदम खट् असा आवाज होऊन ती सैल होते. पिनेने जागा सोडली याची ही खूण होय. साखळीच्या पाठीमागच्या प्लेटीस खाचेच्या भिंतीचा पुरता आधार मिळाला पाहिजे, नाहीतर पिनेबरोबर प्लेटही वाकते. म्हणून आपल्या साखळीच्या रुंदीचे यंत्र आहे की नाही, हे विकत घेतानाच विचारून घ्यावे. जुन्या जाड साखळीत पिन पूर्ण बाहेर काढू नये, समोरच्या प्लेटीत तिचे टोक केसभर अडकलेले ठेवावे, म्हणजे ती परत ढकलता येते. अरुंद साखळीत हा शिरस्ता निरुपयोगी आहे, तेथे पिन खुशाल टाकून द्यावी.

बाजारात दोन प्रकारची यंत्रे मिळतात: कारखान्यात वापरण्याची, मोठ्या मुठीची, आणि प्रवासात नेण्याची, बहुधा षट्कोनी पाने, स्क्रू-ड्रायव्हर वगैरेंबरोबर एकाच घडीच्या हत्यारात सामावलेली. घडीच्या हत्याराबद्दल माझे मत चांगले आहे, पण एक अट आहे. त्यातील मूठ इतकी आखूड असू नये, की घामेजलेल्या बोटांनी ती फिरवावयास दुसरा पाना शोधावा लागेल. स्वस्त हत्यारांत ही खोड सर्रास आढळते, आणि ती दुकानात कळत नाही, घाटात कळते.

यंत्राने पिन काढली, पण जोडणार कशाने? येथे दोन पंथ आहेत. एका पंथात जोडणीसाठी विशेष पिन मिळते, जिच्या पुढे एक निमुळते शेपूट असते. ती यंत्राने आत ढकलावयाची आणि शेपूट पकडीने मोडून टाकावयाचे. ही पिन हातात धरली तर मातीत हरवते, आणि तिचे शेपूट मोडण्यास पक्कड लागतेच. दुसऱ्या पंथाची जोडकडी, जिला क्विक-लिंक किंवा मास्टर-लिंक म्हणतात, ती दोन सारख्याच अर्ध्या भागांची असते. प्रत्येक भागात एक प्लेट आणि एक पिन, आणि प्रत्येक प्लेटीत एका टोकास गोल व दुसऱ्या टोकास निमुळते भोक. दोन्ही भाग समोरासमोरून साखळीत घालावेत, पिना रुंद भोकांत शिरवाव्यात, आणि साखळी ताणली की पिना सरकून अरुंद भागात जाऊन बसतात. वाटेवरील दुरुस्तीसाठी मी निःसंशय या कडीच्या बाजूने आहे, कारण तिला जोडताना हत्यार लागत नाही आणि ती सहजासहजी चुकीची बसत नाही. परंतु ती आपल्या साखळीच्या मापाचीच हवी: आठ चक्रांची कडी अकरा चक्रांच्या साखळीत बसविली तर ती बाजूच्या चक्राला घासते, आणि अकराची आठात बसतच नाही. काही कड्या पुनःपुन्हा उघडता येतात, तर काही अरुंद कड्या एकदाच वापरावयाच्या असतात. पाकिटावरील सूचना वाचून ठेवण्याची हयगय करू नये.

आता एक असा तपशील, जो कित्येक अनुभवी स्वारांस घाईत आठवत नाही. जोडकडी ही बाहेरची कडी असते. म्हणून ती घालताना साखळीची दोन्ही मोकळी टोके आतल्या कडीची असली पाहिजेत. तुटलेली प्लेट बाहेरच्या कडीची असेल, आणि बहुधा तीच असते, तर त्या कडीच्या दोन्ही पिना काढून उरलेला तुकडा टाकून द्यावा. दोन्ही टोकांस आतल्या कड्या उरतात, आणि त्यांच्यामध्ये जोडकडी बसते. साखळीची लांबी एक केसही कमी होत नाही. उलट आतली कडी फुटली असेल, तर तिच्यासह दोन्ही शेजारच्या बाहेरच्या कड्याही काढाव्या लागतात. जोडकडी घातल्यावर साखळी एक इंच आखूड होते. त्यासाठी नवी साखळी बसविताना जो जादा तुकडा कापून उरतो, तो केराच्या टोपलीत न टाकता त्यातील आतल्या-बाहेरच्या कड्यांचे तीन-चार इंच पिशवीत ठेवावेत, आणि त्यांच्या दोन्ही टोकांस लावण्यासाठी जोडकड्याही दोन बाळगाव्यात. तुकडा नसल्यास एक इंचाने आखूड साखळीवर घर गाठता येते, पण मग पुढचे सर्वांत मोठे आणि मागचे सर्वांत मोठे अशी चक्रांची जोडी निक्षून टाळावी. आखूड साखळी या जोडीवर ताणली जाऊन गिअर बदलणारा डेरेलर मोडून टाकते, आणि एका दुरुस्तीच्या पोटी दुसरी मोठी दुरुस्ती जन्मास येते.

प्रत्यक्ष प्रसंगी क्रम असा ठेवावा. सायकल रस्त्यावरून पूर्णपणे बाजूस घ्यावी, आणि घाटात वळणाच्या तोंडाशी कदापि बसू नये. रात्र असेल तर चकाकणारे जाकीट अंगावरून काढू नये, मागचा दिवाही चालू ठेवावा. साखळीचा पडलेला भाग गोळा करून तुटलेल्या दोन्ही टोकांची पाहणी करावी, कारण शेजारची एखादी कडी पिळवटलेली असल्यास तीही काढली पाहिजे. पिळलेली कडी तशीच ठेवून केलेला जोड दोन कोसही टिकत नाही. मग साखळी डेरेलरच्या दोन लहान चाकांतून ओवावी. हा मार्ग नागमोडी असतो आणि ओवताना तेथील लहानशा आडव्या पट्टीच्या चुकीच्या बाजूने साखळी जाण्याचा संभव फार, म्हणून घरी असताना आपल्या सायकलीच्या त्या भागाचे छायाचित्र मोबाइलमध्ये काढून ठेवणे शहाणपणाचे आहे. डेरेलरची स्प्रिंग साखळीची टोके सतत ओढून दूर नेत असते. यासाठी जुन्या आरीचा किंवा ब्रेकच्या तारेचा बोटभर तुकडा दोन्ही टोकांस वाकवून आकडा करावा व त्याने दोन्ही टोके जवळ धरून ठेवावीत, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. जोडकडी लागली की ती वरच्या बाजूच्या साखळीत येईपर्यंत पायडल मागेपुढे फिरवावे, मागचा ब्रेक दाबून धरावा आणि पायडलवर एकदाच जोर द्यावा. कडी आपल्या जागी बसल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. जोडलेली जागा मोकळेपणाने वाकते की ताठ राहते हे बोटाने तपासावे. पिनेने जोडलेली साखळी ताठ राहिली, तर ती जागा दोन्ही हातांनी धरून बाजूस हलकेच मुडपल्याने बहुधा सैल होते.

जोडकडी उघडावयाची झाल्यास तिच्यासाठी खास पक्कड मिळते, पण ती बरोबर नेण्याचे प्रयोजन मला कधी पटले नाही. बुटाची मजबूत नाडी किंवा ब्रेकची आतली तार कडीच्या दोन्ही रोलरांभोवती फासाप्रमाणे घालून ओढली, तर दोन्ही टोके एकमेकांकडे सरकतात आणि कडी उघडते.

डेरेलरच मोडला, अथवा चौकटीस तो धरून ठेवणारा आकडा वाकला, तर साखळी जोडून भागत नाही. तेव्हा डेरेलर वगळून साखळी थेट पुढच्या व मागच्या एकेका चक्रावरून घ्यावी आणि लांबी यंत्राने कमी करून सायकल एका गिअरची करावी. निवड करताना दोन्ही चक्रे एका सरळ रेषेत येतील अशी पाहावी. रेषा तिरकी असल्यास साखळी फिरता फिरता शेजारच्या मोठ्या चक्रावर चढते, एकदम आवळते आणि पुन्हा तुटण्याचा प्रसंग आणते. जुन्या सायकलीत मागचे चाक आडव्या खाचेत पुढेमागे सरकवून ताण जुळविता येई. आजच्या बहुतेक गिअरच्या सायकलींत ही खाच उभी असल्यामुळे ती मुभा नाही. दूरच्या वाटेस जाणाऱ्याने आपल्या चौकटीचा तो आकडा एक जादा बाळगावा. तो अंगठ्याएवढा असतो, आणि प्रत्येक चौकटीचा निराळा असल्यामुळे दुसऱ्या गावी मिळण्याची आशा नसते.

पुष्कळदा साखळी तुटलेली नसतेच. ती केवळ चक्रावरून पडलेली असते, आणि घाबरलेला स्वार हत्यारे काढून बसतो. पुढचा गिअर ती पडली त्याच्या उलट बाजूस वळवून पाय हलके फिरविले तर ती कित्येकदा आपली आपण चढते. न चढल्यास एखाद्या काटकीने डेरेलर पुढे ढकलून सैल झालेली साखळी दात्यांवर ठेवावी. या क्षुल्लक अपघाताचे मोल केवढे असू शकते, याचा दाखला २०१० सालच्या तूर द फ्रान्स शर्यतीत मिळाला. पिरेनीजमधील पोर्त द बालेस घाटाच्या चढावर आघाडीवरील अँडी श्लेक याची साखळी ऐन जोराच्या क्षणी पडली, अल्बर्तो कोंतादोर पुढे निघून गेला आणि त्या दिवशी श्लेकने ३९ सेकंद गमावले. पॅरिसला पोचताना दोघांतील अंतरही नेमके ३९ सेकंदांचेच होते. (पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात कोंतादोरचे विजेतेपद काढून घेण्यात आले व ते श्लेकला मिळाले, हा भाग अलाहिदा.)

त्याच शर्यतीच्या प्रारंभीच्या काळी स्वाराने आपले वाहन स्वतःच दुरुस्त केले पाहिजे असा कडक दंडक होता. १९१३ साली युजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा तुर्माले घाटाच्या उतारावर मोडला. तो सायकल घेऊन दहा किलोमीटरांहून अधिक अंतर पायी उतरला, सेंत मारी द काँपाँ येथील लोहाराच्या भट्टीवर त्याने आपल्या हातांनी चिमटा जोडला, आणि भाता हलविण्यास एका मुलाने मदत केली एवढ्यावरून पंचांनी त्याला वेळेचा दंड ठोठावला. हा न्याय आज हास्यास्पद वाटतो. तरीही त्या विचाराचा एक सौम्य अवशेष दूरपल्ल्याच्या 'ब्रेवे' नामक फेऱ्यांत शिल्लक आहे: पुणे-मुंबईकडे आता नियमित होणाऱ्या या फेऱ्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करावयाचे असतात, आणि ठरलेल्या तपासणीच्या मुक्कामांखेरीज मागून येणाऱ्या मोटारीकडून मदत घेण्यास बंदी असते. वाटेत कोठल्याही दुकानात जाण्यास हरकत नसते; पण रात्री दोन वाजता कोणते दुकान उघडे असणार? अशा फेऱ्यांत भाग घेणाऱ्या लोकांच्या पिशव्या पाहिल्या तर त्यांत चेन-टूल व जोडकडी आढळतात.

सामानात आणखी काय असावे, हे थोडक्यात सांगता येते. पातळ रबरी हातमोज्यांची एक जोडी, कारण काळे तेल लागलेल्या बोटांना जोडकडीचे भाग धरता येत नाहीत आणि ते हात नंतर मुठींवर, पाण्याच्या बाटलीवर व भाकरीवर उतरतात. एक जुने फडके. तेलाची लहान कुपी. तेल संपलेच तर खेड्यात इंजिनाचे तेल, आणि तेही नसेल तर खोबरेल, त्या दिवसापुरते चालते, मात्र घरी पोचल्यावर ते धुऊन काढावे. पक्कड मी घेत नाही, ती गावात मिळते. हातोडी तर कोणीच घेऊ नये. जोडकड्या एका लहान प्लॅस्टिकच्या डबीत ठेवाव्यात. सुट्या ठेवल्यास पिशवीच्या शिवणीत शिरून त्या ऐन वेळी सापडत नाहीत. आणि निघण्यापूर्वी घरी एखाद्या टाकाऊ साखळीची पिन निदान एकवार काढून, कडी घालून, ती पुन्हा उघडून पाहावी. सायकलच्या दुकानदाराजवळ अशी जुनी साखळी फुकट मिळते आणि त्याला ती दिल्याचा आनंदही होतो.

वाटेत जोडलेली साखळी घर गाठण्यापुरती मानावी. परत आल्यावर फूटपट्टी घेऊन एका पिनेच्या मध्यापासून मोजावयास लागावे: चोवीस अर्धे इंच, म्हणजे नवीन साखळीत बरोबर बारा इंचांवर पंचविसाव्या पिनेचा मध्य येतो. तो एक सोळांश इंचाने पुढे गेला असेल, तर साखळी बदलण्याची वेळ झाली. एक अष्टमांश इंचाने गेला असेल, तर चक्रांचे दातेही तिच्याबरोबर झिजलेले असणार, आणि त्यांवर नवी साखळी चढविली तर ती जोर करताच घसरू लागते, म्हणून मागचा चक्रांचा संच व साखळी दोन्ही एकदमच बदलावी लागतात.